बॅनरवरचा तीळ

"ओ ताई, जरा बाजूला... शिडी येतेय!"

चंचल हलली नाही. बमरोलीतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती मान वर करून उभी होती आणि वरून तीच स्वतःकडे बघत होती — गुलाबी साडीत, पाठीमागे विमान. खाली मोठ्या अक्षरांत : ‘आमच्या गल्लीची शान! टांझानियाला निघालेल्या चंचलला हार्दिक शुभेच्छा.’ उन्हाने गुलाबी रंग पार विटला होता, पण बॅनर उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

शिडीवाल्याने एकदा वर पाहिलं, एकदा खाली. "अरे... तुम्ही त्या?"

"त्याच. हा तुम्ही केलात?"

"मीच. गोपाल. कोपऱ्यावरचं दुकान आपलंच आहे. कसा झालाय?"

"माझा तीळ कुठे गेला?"

गोपालने तिच्या हनुवटीकडे पाहिलं. तीळ होता. चांगला ठसठशीत होता. त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, फोटोवर डाग पडलाय. म्हणून... पुसला."

"डाग?"

"तीळ! तीळच म्हणतोय मी."

चंचलला हसू आलं. परत आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली, आणि ते तिचं तिलाही जाणवलं.

हसू येण्यासारखं घरात काही नव्हतं. दोन वर्षांसाठी गेलेली पोरगी वर्ष भरायच्या आत परत आली होती. तिकडच्या एका गावात बायकांना शिवणकाम शिकवायला ती एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून गेली होती. जाताना गल्लीने शाल-श्रीफळ दिलं, आणि तिच्या वडिलांनी, उखाआबांनी, आपल्या लूमच्या कारखान्यात प्रत्येक मागापाशी जाऊन पेढे वाटले. आता ती कायमची आली आहे, हे सांगायला तिची जीभच उचलत नव्हती. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणे, "सुट्टीवर आलेय." एक खोटं बोललं की त्याला जेवूखाऊ घालून पोसावं लागतं. गल्लीच्या मंडळाने तर तिला पुन्हा निरोप देण्यासाठी नव्या बॅनरची ऑर्डरही गोपालकडे देऊन टाकली होती.

बॅनर म्हणजे फोटो आला, आणि फोटो म्हणजे दुकानात जाणं आलं. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात डोळे मिटले, तिसऱ्या दिवशी दुकानातली लाइट गेली. लाइट खरंच गेली होती की गोपालने घालवली, देव जाणे. शाईच्या वासात, बाहेरच्या मागांच्या खटखटीत दोघं बाकावर बसून थंडगार कोको पीत आणि खटखटीवर आवाज चढवून बोलत.

"तेव्हा फोटो नीट बघितला असतात तर तीळ वाचला असता."

"नीटच बघितला ना. जरा जास्तच बघितला. एवढ्या चेहऱ्यावर एक डाग कसा राहू द्यायचा, असं वाटलं..."

"पुन्हा डाग?"

"चालो, चूक कबूल. एक कोको माझ्याकडून."

एवढं सगळं बोलायचा, पण एका जागी येऊन थांबायचा. एका संध्याकाळी त्याने कोकोचा ग्लास उगाचच गोल फिरवला. "परत... कधी जाणार?"

"का?"

"काही नाही. सांगायचं होतं एक. पण जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? उगीच तुमच्या सामानात भर."

आपण पोसलेलं खोटं आपल्याच दारात आडवं येऊन बसलं आहे, हे चंचलला आत्ता कळलं. तिला हा माणूस आवडला होता. फार आवडला होता.

"मी जाणार नाहीये," ती म्हणाली. "कधीच नव्हते जाणार. काम सोडून आलेय मी."

गोपालने ग्लास फिरवायचा थांबवला. मग तिनेच सांगितलं. तिकडे नीमा नावाची बाई होती. चंचलला घ्यायला तीच आली, बॅग तिनेच उचलली, मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवायला तिनेच शिकवलं. पुढे एकदा ती चंचलला बाजारात दिसली, कणसं भाजत बसलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, शिवणाच्या वर्गाची बाई आधी नीमाच होती. फुकटात शिकवणारी मिळाल्यावर पगारी कोण ठेवतो?

"आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, हो! मी संस्थेत विचारलं. ते म्हणाले, तू आहेस ना, मग ती कशाला? मी म्हटलं, मग मी नाही."

"घेतलं तिला परत?"

"घेतलं. अर्धाच दिवस. पण घेतलं."

"मग लाज कसली वाटते?"

"आबांचे पेढे..." तिचे डोळे भरून आले. "लोक म्हणणार, जमलं नाही म्हणून पळून आली."

गोपालने ग्लास खाली ठेवला. "आधी घरी सांगा. माझं मी नंतर सांगतो. नाहीतर उद्या म्हणतील, गोपालसाठी राहिली. तुमच्या एवढ्या मोठ्या गोष्टीत मला फुकटचा मान नको."

त्या संध्याकाळी जेवताना तिने आबांना सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले, हातातला घास तसाच ठेवून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चंचलला वाटलं, आता संपलं.

सकाळी बघते तर आबा कोपऱ्यावर, स्टुलावर चढून बॅनरची तार सोडताहेत. गोपाल शिडी घेऊन धावत आला. समोरच्या शोभाबाईंनी संधी सोडली नाही. "काय उखादादा, पोरगी पळून आली म्हणे तिकडून?"

आबांनी स्टुलावरूनच मान वळवली आणि गावाकडच्या बोलीत सुनावलं. "मनी पोर पयीसन नही उनी. दुसरीना ताटमधला घास परत करीसन उनी." मग गोपालकडे बघून म्हणाले, "नवा बॅनरवर हाईच लिख."

"इतलं मावाव नही, आबा."

"मंग बारीक लिख!"

चंचल दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. तिची माय, भागीरथीबाई, तिच्या शेजारून ओरडल्या, "ओ, तो बॅनर फेकू नका! माले पापडसले लागी."

पाडव्याच्या आदल्या दिवशी गोपाल त्यांच्या गच्चीवर आला. बॅनर पालथा अंथरलेला होता आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर चंचल ज्वारीचे पापड मांडत होती. त्याच्या हातात काळा मार्कर होता.

"काय काम काढलंत?"

"चूक दुरुस्त करायला आलोय."

त्याने बॅनरचा रिकामा कोपरा उलटला. विटलेल्या गुलाबी साडीतली, तीळ नसलेली चंचल वर आली. तो गुडघ्यावर बसला, मार्करचं टोपण काढलं, आणि हात तसाच राहिला. "कुठे होता बरं? डावीकडे... की उजवीकडे?"

त्याला चांगलं ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

"तुमचं काहीतरी सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "आता मी कुठे जात नाहीये."

गोपालने घसा साफ केला. खाली मागांची खटखट चाललीच होती, तरी या वेळी त्याने आवाज चढवला नाही. "मला तुम्ही आवडता. फोटोत आवडलात, तीळ दिसल्यावर जास्त आवडलात, आणि नीमाचं ऐकल्यावर... त्या दिवशी रात्रभर झोप नाही आली मला. लग्न कराल माझ्याशी?"

चंचलने पिठाचा हात पदराला पुसला. मग त्याच्या हातातला मार्कर काढून घेतला आणि टोपण घट्ट लावून टाकलं.

"बॅनरवर शोधून नाही सापडायचा तो," ती म्हणाली. "इकडे बघा."