चिनी समाधीवरच्या पादुका

सनीला कुणी मूर्ती समजेल, असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. आत्या त्याला उठल्याबसल्या ‘दगड’ म्हणायची, ते वेगळं. पण मूर्ती... ही बढती त्याला मार्चमधल्या एका रणरणत्या दुपारी मिळाली.

दिघीच्या रस्त्याला लागून त्याचं दगडकामाचं दुकान होतं. पत्र्याखाली बुद्धमूर्ती, तुळशीवृंदावनं, बंगल्यांच्या पाट्या, आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून, डोळे मिटून बसलेला सनी. संगमरवराच्या भुकटीने डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक झालेला. मशीन बंद करून दोन मिनिटं विसावला होता बिचारा. तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली आणि सँडलची टकटक जवळ आली.

“हा चेहरा छान जमलाय,” एक मुलगी स्वतःशीच म्हणाली. “नाक जरा मोठं झालंय... पण चालेल.” आणि मोबाइलवर तिने फोटोसुद्धा काढला.

“नाक आईवर गेलंय,” मूर्ती म्हणाली.

ती अशी किंचाळली की पलीकडच्या पंक्चरवाल्याने डोकं बाहेर काढलं. मग तिचं तिलाच हसू आलं. हसताना तिच्या फक्त डाव्या गालाला खळी पडत होती. उजव्या गालाने काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न सनीला तेव्हापासून पडला तो पडलाच.

तिचं नाव मिनल. राहायला पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, कामाला चाकणच्या एका चिनी कंपनीत — दुभाषी म्हणून.

“म्हणजे तुम्ही चिनी बोलता?”

“पोटासाठी. भांडायचं असलं की मराठीच.”

“मग काय करून देऊ? पाटी?”

“समाधी.”

सनीने झटकन चेहरा गंभीर केला. “घरचं कुणी...?”

“छे हो! एका चिनी संगीतकाराची.”

सनीने आतापर्यंत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती, पण हे नवीनच होतं. मिनल स्टुलावर बसली आणि सांगू लागली. कंपनीत ल्यू नावाचे एक म्हातारे इंजिनिअर आले होते, नवी मशिनं बसवायला. त्यांचं गाव कुनमिंग. तिथे डोंगरावर न्ये अर नावाच्या मोठ्या संगीतकाराची समाधी आहे. पोरगा तेविसाव्या वर्षी परमुलखात, समुद्रात बुडून गेला, पण त्याने बांधलेली चाल आज राष्ट्रगीत म्हणून अख्ख्या देशाच्या तोंडी आहे. वसंत ऋतूत त्यांच्याकडे एक दिवस असतो, त्या दिवशी लोक समाध्या झाडून-पुसून फुलं वाहतात. ल्यूसाहेब आणि त्यांची बायको दर वर्षी न चुकता तिथे जायचे.

“बायको गेल्या वर्षी वारली. आणि यंदा मशिनं अर्धवट, त्यामुळे ह्यांना रजा नाही. मला म्हणाले, छोटीशी का होईना, तशी समाधी इथे करून मिळेल का? निदान फुलं तरी ठेवता येतील.” मिनलने फोटो पुढे धरला. “तीन दुकानांतून हाकलून दिलं मला. म्हणाले, चिनी माल ठेवत नाही.”

सनी हसला नाही. त्याने भुकटीचा हात पँटला पुसला आणि फोटो जवळ घेतला. वर गोल चकती, खाली लांब मान, मानेवर पायऱ्या.

“सतार आहे का ही?”

“युएछिन. त्यांचं तंतुवाद्य. चंद्रासारखं गोल. अख्खी समाधी त्याच्याच आकाराची आहे. ही चकती मात्र कोरी ठेवायची हं, मध्ये काही नको. तिथे फुलं येणार.”

“कोरी म्हणजे कोरी,” सनी म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे चांगलंच भोवणार होतं.

मग मिनल वरचेवर येऊ लागली. कधी फोटो दाखवायला, कधी माप सांगायला, आणि कधी... कशाला ते तिलाही सांगता येत नसे. “इकडून जात होते,” म्हणायची. चाकणहून पिंपरीला जाताना दिघी कुठल्या वाटेवर लागते, हे विचारण्याचा मूर्खपणा सनीने केला नाही. आत्याने केला.

“रस्ता चुकतीस का गं पोरी रोज?” आत्याने, म्हणजे भिमाबाईंनी, चहाचा कप पुढे करत विचारलं. सनीला लहानपणापासून आत्यानेच वाढवलं होतं, त्यामुळे टोमणे मारायचा हक्क तिचा.

“नाही आत्या, रस्ता सापडलाय,” मिनल म्हणाली, आणि सनीच्या हातातली छिन्नी निसटता निसटता राहिली.

असाच एकदा वळीव कोसळला. धुळीचा भपका, मग टपोरे थेंब, मग पत्र्यावर नुसता ताशा! मिनल रस्त्यावरून पळत आत येईपर्यंत चिंब झाली. सँडल दाराशीच काढून ती काळ्या फरशीवरून आत आली आणि केस पिळत उभी राहिली. सनी तिच्याकडे बघत नव्हता. म्हणजे बघत नाही असं दाखवत होता.

“साहेबांना काम आवडलं तर?” त्याने विचारलं.

“तर...” ती जरा थांबली. “हे नीट पार पडलं की ते माझी शिफारस करणार आहेत. वर्षभर कुनमिंगच्या ऑफिसात. मीच अर्ज केला होता, तुमच्या दुकानात यायच्या आधी.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

“मग बिघडवतो की दगड,” सनी हसत म्हणाला. हसू मात्र काही जमलं नाही.

“बिघडवून तर बघा!”

पाऊस थांबला, ती गेली. काळ्या फरशीवर तिची ओली पावलं उरली. आत्या झाडू घेऊन आली, तर सनी म्हणाला, “थांब, वाळू दे.” आत्याने भाच्याकडे नीट बघितलं, कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली.

फुलं वाहायच्या दिवसाच्या आदल्या दुपारी सगळं काम संपलं होतं. फक्त चकतीला शेवटची घोटाई राहिली होती. सनीने हातात हत्यार घेतलं. डोक्यात एकच विचार, ती जाणार. जावंच तिने. एवढी चिनी शिकली, चीन बघायला नको? पण वर्ष म्हणजे... तिकडचं ऑफिस, तिकडचे लोक. दिघीचा रस्ता लक्षात राहील का तिच्या? आणि आपण कोण तिला अडवणारे? आपण तर तिला साधं ‘तू’सुद्धा म्हणालो नाही.

आळंदी-देहूच्या बाजूची गिऱ्हाइकं सांभाळण्यात त्याची उमर गेलेली. समाधी म्हटलं की पादुका, हे त्याच्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. डोकं कुनमिंगला गेलं होतं, हात दिघीत होता, आणि हाताने आपलं काम चोख केलं.

“झाली का रं?” आत्या येऊन वाकली. मग डोळे बारीक करून म्हणाली, “आरं, पर ह्या पादुका बाईमाणसाच्या कशा? आन् त्यो संगीतवाला गडीमाणूस व्हता न्हवं?”

सनीने खाली बघितलं. चकतीच्या बरोब्बर मध्ये दोन नाजूक पावलं. उजव्या पायाची करंगळी जराशी बाहेर झुकलेली. ही पावलं त्याने वाळेपर्यंत बघितली होती!

नवा दगड कोरायला आता वेळ नव्हता. सकाळी त्याने समाधी गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढवली. आत्या हट्टाने शेजारी बसली. भोसरी, मोशी, चाकण... एरवी नको नको होणारा ट्रॅफिक आज कुठे गायब झाला होता कोण जाणे.

कंपनीत कॅन्टीनच्या मागे, कडुनिंबाखाली जागा झाडून ठेवली होती. ल्यूसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पांढरी शेवंती घेऊन उभे होते. मिनलने हसत हसत गोणपाट बाजूला केलं, आणि तिची खळी मावळली.

“हे काय आहे?”

“चूक झाली. हाताच्या सवयीने...”

“सवयीने? कोरी ठेवा म्हणून सांगितलं होतं.” तिचा आवाज खाली आला, आणि तो खालचा आवाज सनीला ओरडण्यापेक्षा जास्त लागला. “बिघडवतो म्हणाला होतात. मला गंमत वाटली होती ती.”

“आईशप्पथ, मुद्दाम नाही केलं मी! तुम्ही जायला नको असं वाटलं, हे खरं आहे. पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाची फुलं नासवीन, एवढा हलका नाही मी.”

तोवर ल्यूसाहेब वाकले होते. चष्मा वर-खाली करून त्यांनी पावलं बघितली आणि काहीतरी विचारलं.

“विचारतायत, पावलं कशासाठी,” मिनल सनीकडे न बघता म्हणाली.

सनीने हात जोडले. “त्यांना सांगा, चूक माझी, मॅडमची नाही. आमच्याकडे मोठा माणूस गेला की त्याची पावलं कोरतात. माणूस जातो, पण त्याची पावलं आपल्यापाशी राहावीत म्हणून. साहेबांना आवडलं नसेल तर मी दुसरा दगड करून देतो.”

मिनलने शब्दन्‌शब्द सांगितला. ल्यूसाहेब पावलांवरून बोट फिरवत राहिले. मग एकदम खुदकन हसले आणि भडाभडा बोलू लागले.

“म्हणतायत... बायको त्यांना त्या समाधीपाशीच पहिल्यांदा भेटली. गर्दी होती, आणि ह्यांनी तिच्या पायावर पाय दिला.” मिनलचा आवाज ओला झाला. “चांगला जोरात. ती आयुष्यभर त्यावरून बोलायची. म्हणतायत, दगड बदलू नका.”

सनीचा जीव भांड्यात पडला. पण म्हातारा बेरकी होता. त्याने मापाला आपला तळहात पावलावर ठेवला, मान हलवली आणि आणखी एक प्रश्न टाकला. मिनलने गोंधळून तो मराठीत आणला.

“विचारतायत, न्ये अर पुरुष होता. मग ही पावलं कुणाची आहेत?”

सनी कडुनिंबाकडे बघू लागला. आत्या खोकली. पळायला वाट नव्हती.

“सांगा त्यांना,” तो पुटपुटला, “...दुभाषी बाईंची.”

मिनलच्या तोंडून चिनीतला एक शब्द फुटेना. तिने खाली बघितलं. सँडलमधल्या उजव्या पायाची करंगळी, आणि दगडातली... तिचे कान लालबुंद झाले. ल्यूसाहेबांनी वाट बघितली, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि भाषांतराची गरज नसल्यासारखे जोरजोरात मान डोलवू लागले.

त्यांनी शेवंती पावलांच्या कडेने ठेवली, पावलं झाकली नाहीत. डोळे मिटून ते कसलीशी चाल गुणगुणले. मग मिनलला दोन वाक्यं बोलले आणि भिमाबाईंबरोबर चहाला निघून गेले. साहेबांचं आत्याला कळत नव्हतं, आत्याचं साहेबांना कळत नव्हतं, पण गप्पा मात्र पहिल्या पावलापासून रंगल्या.

“शिफारस करतायत,” मिनल म्हणाली. “पुढच्या महिन्यात निघायचं.”

“जा. खरंच जा.”

“जाणारच आहे. विचारत नाहीये मी.” तिने वर बघितलं. “एक विचारायचंय. वाट बघशील?”

‘तू’ म्हणाली!

“दगडाच्या धंद्यात आहे मी. घाई केली की काम फुटतं, एवढं कळतं मला.” मग त्याला धास्तावल्यासारखं झालं. “पण तुझ्या घरी? बाबांना कसं सांगायचं?”

“सांगून झालंय.”

“काय?”

“दिघीचा एक मुलगा आहे, दगड कोरतो, एकदा बघून घ्या म्हणून. पाऊस पडला ना, त्याच संध्याकाळी. ओल्या कपड्यांनीच सांगितलं.”

सनीने मनात हिशेब केला. “म्हणजे... मी पादुका कोरायच्या आधीच?”

“म्हणून तर मघाशी इतकं लागलं मला! म्हटलं, मी बाबांना सांगून बसले आणि हा माणूस असा निघाला.” तिने ओढणीच्या टोकाने त्याच्या भुवईवरची भुकटी पुसली. हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला. “रविवारी जेवायला बोलावलंय बाबांनी. येशील?”

सनीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. एवढा बोलका गडी, पण ऐन वेळी शब्द पार गोठले. समोरून भिमाबाई दोन कप चहा सांभाळत येत होत्या. भाच्याचा तो अवतार बघून त्या थबकल्या.

“काय म्हंतोय गं ह्यो?”

“रविवारी आमच्याकडे येतो म्हणतोय, आत्या,” मिनल म्हणाली.