विख्राच्या नावाचं पत्रक

"कोण गेलं गं?" छपाईवाल्या बाईने आवाज उतरवून विचारलं.

"मीच," विख्रा म्हणाली. "बारा प्रती द्या."

बाईने छातीवर क्रूस काढला. विदिन शहरात निधनाची पत्रकं रोजच छापली जातात. माणूस गेला की त्याचा फोटो घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडावर चिकटतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा. पण स्वतःचंच पत्रक न्यायला आलेली पोर तिने आजवर पाहिली नव्हती. गाण्याचा व्हिडिओ आहे, कॉलेजसाठी, असं विख्राने सांगितलं तरी बाई म्हणालीच, "मग नाव तरी खोटं घालायचंस!"

खोटं का घालायचं? विख्रा मुलखाची हट्टी. "मेलेल्या गावाचं गाणं कोण बघणार?" असं सर भर वर्गात म्हणाले होते, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. तिचं गाव गोर्नी ब्रेस्त. शाळा बंद पडली, दुकान बंद पडलं, आई स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेली. आता सरकारी यादीत दोनच माणसं राहिली होती. पण म्हणून गाव मेलं? तिने ठरवलं होतं, शाळेच्या ज्या भिंतीवर गावातल्या सगळ्या गेलेल्यांची पत्रकं आहेत तिथेच आपलंही लावायचं, आणि शेवटच्या कडव्याला कॅमेऱ्यासमोर ते टराटरा फाडायचं. व्हिडिओ सोमवारी द्यायचा होता, आणि तो एक शॉट नसेल तर बाकी सगळं फुकट होतं. पत्रकावर 'शोकाकुल' या शब्दाखालची जागा मात्र तिने कोरीच ठेवली. मला रडायला गावात उरलंय कोण, असं तिने हसत हसत बाईला विचारलं. बाई हसली नाही.

शनिवारी भर दुपारी ओग्न्यानने शाळेसमोर कॅमेरा लावला. हा तिचा वर्गमित्र, शहरातला, तोंडाळ पण कामाला वाघ. विख्राने पिठाच्या खळीने पत्रक चिकटवलं. शेळ्या घेऊन चाललेली मितामावशी, त्या दोघांतली एक, थबकून बघत राहिली.

"पत्रक फाडू नये, पोरी. ते पावसाने जावं, वाऱ्याने जावं."

"माझंच आहे, मावशी."

"तुझं तू फाड बाई, कोण अडवणार तुला! पण दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस." एवढं बोलून ती शेळ्यांमागे गेली.

"ऐकलंस का?" विख्रा म्हणाली.

"ऐकलं. चल, सुरू कर."

दार लावू नका, आम्ही घरातच आहोत... स्पीकरवर गाणं सुरू झालं की विख्रा नुसते ओठ नाही हलवायची, गळा फाडून गायची. आठ वेळा तिने स्वतःला भिंतीवरून फाडून काढलं. एकदा ढग आला, एकदा नाकावर माशी बसली. "तुझ्यापेक्षा माशीचा अभिनय बरा होता," ओग्न्यान म्हणाला, आणि तिने खळीचा ब्रश त्याच्यावर उगारला.

नववं पत्रक लावलं तेव्हा तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला.

"खाली नावं कधी छापलीस तू?"

विख्राने वाकून पाहिलं. 'शोकाकुल' खाली काळ्या अक्षरांत नावं होती. स्तोयना. दिमो. गेरगिना. विल्को. तिने मान वर केली. तीच नावं भिंतीवर होती, आपापल्या फोटोंखाली. कुणी सहा वर्षांपूर्वी गेलेलं, कुणी अकरा.

शेळ्यांच्या घंटा थांबल्या होत्या. पान हलत नव्हतं. कुठूनतरी उकडलेल्या गव्हाचा आणि साखरेचा वास येत होता... मेलेल्यांच्या नावाने वाटतात ना, त्या गव्हाचा.

"विख्रा... चेष्टा पुरे झाली हं."

"देवाशपथ, मी काही केलेलं नाही."

ओग्न्यानचा चेहरा पांढराफटक पडला. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. पुढे झेपावून पत्रक ओरबाडून काढलं, चुरगळलं आणि गवतात भिरकावलं.

"अरे, काय केलंस हे!"

"काही नाही. तीन उरलीत. एक शॉट घेऊ आणि सुटू इथून."

दहावं पत्रक दोघांनी उजेडात धरून पाहिलं. खालची जागा कोरी होती. विख्राने खळ लावली, पत्रक दाबलं. तो कॅमेऱ्यामागे गेला. खळ जसजशी मुरत गेली तसतशी अक्षरं तिच्या डोळ्यांदेखत वर आली. स्तोयना. दिमो. गेरगिना. विल्को. आणि सगळ्यांत खाली, ओलं... ओग्न्यान.

ओग्न्यान सोडला तर त्या यादीत जिवंत माणूस एकही नव्हता. पळावं, त्याला ओढत गाडीत घालावं, असं क्षणभर वाटलं. पण पळून काय होणार? नाव तर इथेच राहणार होतं. आणि मग तिला असा संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली.

"स्तोयनाआजी," ती भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजली, "तुमच्या कडेवर वाढले मी. माझ्यासाठी रडायचंय? खुशाल रडा. पण हा पाहुणा आहे. आपल्या गावात पाहुण्याला कधी कुणी असं वागवलंय? लाज नाही वाटत?"

"काय झालं?" ओग्न्यानने विचारलं. "सुरू करू?"

"कर." तिने तळहात त्या शेवटच्या नावावर दाबला. कागद बर्फासारखा गार होता. "आणि काहीही ऐकू आलं तरी थांबू नकोस."

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला कुलूपबंद शाळेतून आवाज आले, म्हाताऱ्या बायकांचे, जाडेभरडे, अर्धी मात्रा मागे. आम्ही घरातच आहोत... विख्राने आवाज चढवला. ते चढले, ती त्यांच्याही वर गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात बधिर झाला होता, पण तिने तो उचलला नाही. शेवटचं कडवं संपलं तेव्हा ती एकटीच गात होती.

"फाडलं का नाहीस?" ओग्न्यानने कॅमेऱ्यामागून विचारलं.

तिने हात काढला. यादी विल्कोपाशी संपत होती. त्याचं नाव आता तिच्या तळहातावर होतं. शाई उमटते तशी अक्षरं उलटी असायला हवी होती. ती सुलटी होती.

तिने मूठ आवळली. "माझ्याकडे आहे हा आता," ती भिंतीला म्हणाली. "हिंमत असेल तर या घ्यायला." मग ओग्न्यानकडे वळली. "किल्ली दे. गाडी मी चालवते."

गाव मागे पडलं तरी ती मोठमोठ्याने गात होती, डावी मूठ मांडीवर घट्ट मिटून. ती उघडून बघणार नव्हती. आत, त्याच्या नावाखाली, कुणीतरी बोटाने, सावकाश, दुसऱ्या एका नावाचं पुढचं अक्षर गिरवत होतं.