निळी पिंपं

हल्ली मुलगी पाहायला कुणी जात नाही. मुलीकडचेच मुलाचं घर पाहायला येतात. आणि आले की पोह्यांआधी पाणी मागतात, मग तहान असो वा नसो.

संदेश भुवडांच्या ओटीवर त्या रविवारी तेच चाललं होतं. मुलीच्या मामांनी पिशवीतून स्वतःचा साक्षीपेला काढला, भुवडांच्या घरचं पाणी त्यात ओतून घेतलं आणि पेला टेबलाच्या मधोमध ठेवला. मुलगी ओवी, तिची आई, मामा, भुवड, त्यांची बायको वैशाली आणि नवरा मुलगा शर्विल, सगळे पेल्याकडे टक लावून बसले. नवऱ्या मुलाकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

पेल्याच्या बुडाशी यीस्टचा पातळ थर होता. आपल्या शरीरात संप्रेरकांसाठी जी कुलपं असतात, तसलीच कुलपं शास्त्रज्ञांनी त्या यीस्टला बसवली होती. कारखान्यांतून, प्लॅस्टिकमधून, फवारण्यांतून पाण्यात उतरणारी काही रसायनं संप्रेरकांचं सोंग घेतात आणि ही कुलपं भलत्याच वेळी उघडतात, नाहीतर अडवून धरतात. लोक त्यांना तोतये म्हणू लागले होते. तोतया कुलपापाशी आला, की पेल्याचं बूड जांभळं व्हायचं.

भुवडांचा जीव टांगणीला लागला होता. प्लॅस्टिक मऊ करणारं तेलकट रसायन बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. तिथली रिकामी निळी पिंपं कामगारांना घरी न्यायला मिळत. दरवर्षी मार्चपासून पाण्याची बोंब असलेल्या गावात त्या पिंपांचा केवढा मान! साबणाने खळखळून धुतलं, उन्हात वाळवलं, की झालं. शर्विल पोटात असताना वैशाली त्याच पाण्यावर राहिली, आणि पुढे पोरही त्याच पाण्यावर वाढलं. त्यात कुणाचा गुन्हा नव्हता. कुणाला ठाऊकच नव्हतं.

ठाऊक झालं ते शर्विलचा बीजांक काढला तेव्हा. पुरुषाच्या बीजाची संख्या आणि चपळाई मिळून शंभरपैकी हा अंक देतात. शर्विलचा अंक अकरा आला. "आईच्या पोटात असताना झालेलं नुकसान सगळं भरून येत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण मोठेपणी झालेलं बरंचसं येतं. दर दोन-अडीच महिन्यांनी नवं बीज तयार होतं. आधी पाणी बदला." भुवडांनी पिंपं काढली, स्टीलची टाकी बसवली, कोळशाची गाळणी लावली. आणि आज सकाळी मुलाला बजावलं, "अंकाचं आत्ता काढू नकोस. साखरपुडा होऊ दे."

पाणी नितळच राहिलं. मामांनी मान डोलावली आणि तांब्यात उरलेलं पाणी पिऊनही टाकलं. भुवडांना हायसं वाटलं. ओलं खोबरं भुरभुरलेले पोहे आले. ते शर्विलने केले होते आणि ओवीने दुसऱ्यांदा मागून घेतले. आता सगळं जमलंच, असं भुवडांना वाटतंय तोच शर्विल म्हणाला, "एक सांगायचंय. माझा बीजांक अकरा आहे."

वैशालीच्या हातातला चमचा बशीवर वाजला. भुवडांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ओवी मात्र शांत होती. "माझ्या दादाचा नऊ होता," ती म्हणाली. "आता तेवीस आहे. वहिनीला पाचवा लागलाय. सगळ्यांचंच असं होईल असं नाही, मला माहितीये. पण लपवलं असतंत तर मी उठले असते."

"आणि मूल नाहीच झालं तर?" वैशालीने धीर करून विचारलं.

"तर काकू, पूर्वीसारखं माझ्याकडे बोट दाखवू नका म्हणजे झालं."

वैशालीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मामांनी पेढ्यांचा पुडा पिशवीतच आणला होता, तो बाहेर निघाला. भुवडांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पोराने आपलं ऐकलं नाही, याचाच त्यांना अभिमान वाटत होता.

निघताना ओवी अंगणात थबकली. मोरीशेजारच्या फरशीवर गोल डाग उमटले होते. "काका, इथली पिंपं कुठे गेली?"

"दिली ना! वरच्या वाडीला. एक पैसा घेतला नाही हो. केवढे खूश झाले बिचारे!" भुवड कौतुकाने म्हणाले.

"म्हणजे आता ते त्यातलं पाणी पितात?" ओवी म्हणाली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. भुवडांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"मामा," ते शेवटी म्हणाले, "तुमचा पेला आजच्यापुरता द्याल?"

पाहुणे गेले आणि बापलेक चढण चढून वरच्या वाडीत पोचले. पहिल्याच घरापुढे एक निळं पिंप उभं होतं, घासूनपुसून लख्ख ठेवलेलं. सखूबाई लगबगीने बाहेर आली. "या भाऊ, बसा! तुमच्या पिंपानं आमचा हंडा सुटला बघा." तिने आत हाक दिली. दिवस भरत आलेली तिची सून तांब्या घेऊन आली आणि पाहुण्यांना पाणी द्यावं तसं, भुवडांनी पुढे केलेल्या पेल्यात तिने पिंपातलं पाणी ओतलं.

असला पेला वाडीत अजून कुणी पाहिला नव्हता; तिघंचौघं शेजारी कुतूहलाने गोळा झाले. भुवडांनी पेला दोन्ही हातांनी धरला. शर्विलने खालून पेल्याला आधार दिला.

थोड्या वेळाने बुडाशी रंग धरू लागला.

"अगंबाई, किती सुरेख जांभळा!" सून हरखून म्हणाली आणि तिने नकळत पोटावर हात ठेवला. "काका, हा रंग आला म्हणजे चांगलं असतं ना?"