सोनखिंडीची विजयकमान

पूर्वेला तांबडं फुटलं, गडाचे बुरूज एकेक करून धुक्यातून वर आले, आणि महादरवाजापुढची काळ्या पाषाणाची नवी विजयकमान लाकडी आधारावर टेकलेली दिसू लागली. तिच्यावर नाव होतं सरदार रायाजी धायबरांचं. खुद्द सरदारांच्या मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

लागेल कसा? सोनखिंडीत गनीम चालून आला तेव्हा रायाजी माघारी पळाले होते. खिंड अडवून मेला तो धारोजी कोंढरे. पण दिवाण त्रिंबकपंतांना आपल्या मुठीतला विजयवीर हवा होता. त्यांनी फत्तेचा मान रायाजींना दिला आणि धारोजीला फितूर ठरवलं. मेलेल्याच्या माथी काहीही मारावं, तो थोडाच उठून बोलतो! तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी गडावर कोणी पीत नव्हतं.

गडाची रीत अशी, की कमानीचा आधार निघताना ज्याच्या नावाची कमान, त्यानं तिच्याखाली उभं राहून 'ही फत्ते माझी' म्हणायचं. खोटं बोलणाऱ्यावर कमान कोसळते, अशी लोकांची श्रद्धा.

चौघडा झडला. महाराज आसनस्थ झाले. रायाजी कमानीखाली जाऊन उभे राहिले. गर्दीच्या कडेला, पाण्याची कळशी कमरेवर घेऊन, धारोजीची बायको सगुणाबाई उभी होती.

"बोला सरदार, मुहूर्त टळतोय," पंत म्हणाले.

पाथरवटानं आधाराची पहिली पाचर ठोकून काढली, लाकूड करकरलं. रायाजींनी वर पाहिलं. कमान पडली तर मरण एकदाच. पण नाहीच पडली तर? तर हे खोटं पिढ्यान्‌पिढ्या उभं राहणार होतं.

"महाराज, ही फत्ते धारोजी कोंढऱ्यांची! आम्ही पळालो. आणि त्यांना फितूर म्हटलं, तेव्हा गप्प बसलो."

"जबान आवरा!" पंत गरजले.

शेवटचा आधार निघाला. कमान जागची हलली नाही.

"पंत, तुमचा जाब आम्ही घेऊच," महाराज जड आवाजात म्हणाले. "कमानीवर धारोजींचं नाव कोरा. सरदारांना बेड्या घाला."

बेड्यांनिशी चालताना रायाजी सगुणाबाईपुढे थांबले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. "बाईसाहेब, पाणी द्याल?"

साऱ्या गडादेखत तिनं पाणी ओतलं. "पाणी घ्या, सरदार. माफी मागू नका, ती माझ्यापाशी नाही."

सरदार गेले. मग एक म्हातारा शिलेदार ओंजळ धरून पुढे आला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सगुणाबाईला हुंदका आवरेना.

"इतके दिवस तहान नव्हती का रे तुम्हाला?" ती म्हणाली, आणि पाणी ओतत राहिली.