बीचवरचा मुराळी

समुद्रासमोर उभं राहिलं की माणसाला आपलं क्षुद्रत्व कळतं, अहंकार गळून पडतो, आणि म्हणून उतारवयात प्रत्येकाने एकदा तरी समुद्रकिनारी मुक्काम करावा, असं माझं ठाम मत आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात समुद्र नाही. तरीही आम्ही तिथल्या 'काळी सँड्स बीच रिसॉर्ट'मध्ये उतरलो होतो.

समुद्र नसला तरी बीच होता. सुपा धरणाच्या पाण्याकाठी मालकाने टिपर भरभरून वाळू ओतली होती, तिच्यात रंगीत छत्र्या रोवल्या होत्या आणि 'पोहू नये' अशी मराठी-कन्नड पाटी लावली होती. नदीचं नाव काळी, वाळू पांढरी, पाणी हिरवट. मधूनमधून पाण्याबाहेर आलेले वाळक्या झाडांचे शेंडे. आणि या सगळ्यावर टाईल्स कापायच्या मशीनचा आवाज.

"रिनोव्हेशन चालू आहे, काका," मॅनेजर प्रज्योत म्हणाला. बेळगावचा, हसतमुख, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. "वेबसाइटवर लिहिलं होतं की."

"काय लिहिलं होतं?"

"'लवकरच अधिक सुंदर' असं."

भटारखाना उकरून ठेवलेला. जेवणाचे डबे रामनगरहून यायचे. स्विमिंग पूलमध्ये सिमेंटची पोती रचलेली. आमच्याशिवाय एकही पाहुणा नव्हता. प्रज्योतने दांडेलीचं एक हॉटेल सुचवलं, स्वतः फोन करतो म्हणाला.

"आम्ही इथंच राहणार," सुमंगला म्हणाली, आणि लाकडाच्या भुशाने माखलेल्या खुर्चीवर पदराने न झटकताच बसली. विषय संपला.

हट्ट तिचा होता. सुमंगला, माझी बायको, जुन्या सुप्याची. लग्न ठरायच्या आधीच गाव उठलं, माणसं रामनगरच्या नव्या वसाहतीत गेली आणि मागोमाग धरणाचं पाणी घरांवर चढलं. त्यामुळे तिचं खरं माहेर मी कधी पाहिलंच नाही. मी पुनर्वसित जावई. त्यात तिला भाऊ नाही, बहीणही नाही. पंचमीला आमच्या गल्लीतल्या सुनांना माहेरी न्यायला मुराळी यायचे, पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर बसायचे, "पाठवताय न्हवं?" म्हणून सासरच्यांना विचारायचे, आणि ही खिडकीतून बघायची. हिला न्यायला कधी कोणी आलं नाही. रामनगरला एसटीने मीच पोचवायचो, मीच आणायचो. "तुम्ही मुराळी नव्हे, हमाल," असं ती म्हणायची.

यंदा तिच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. मला वाटलं, शुद्धीवर आल्यावर माझं नाव घेईल. ती म्हणाली, "पाणी उतरलं असेल. मला घर बघायचंय."

डॉक्टर म्हणाले, न्या, तेवढाच हवापालट. मी मनाशी पक्कं केलं होतं. बघायचं तेवढं बघू दे, पण जशी आणली तशी परत न्यायची. घरी आम्ही दोघंच. त्यातली एक वजा झाली तर उरतो मी, आणि माझ्याबरोबर राहणं किती अवघड आहे हे मला कुणी सांगायला नको.

पहिली खोली रस्त्याकडेची होती. संध्याकाळी मशीन थांबल्यावर ती व्हरांड्यात उभी राहिली आणि बोट दाखवलं. "ती दोन झाडं हायत बघा, त्यांच्या मधी. आमचं परसू."

मला दोन झाडं दिसली. मधे पाणी दिसलं. "छान आहे," मी म्हणालो. सासुरवाडीला पहिल्यांदा आल्यावर आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी उळवीच्या देवाला जाऊन आलो. परतलो तर प्रज्योत फाटकातच भेटला.

"काका, तुमचे मेहुणे येऊन गेले."

"मला मेहुणा नाही."

"नाही कसे? 'सुमंगलाक्का कुठल्या खोलीत आहे' म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं नाही हं. गेस्टची प्रायव्हसी."

"मग?"

"मग म्हणाले, ऱ्हाऊ दे, मला ठावं हाय."

"आले कुठून?"

त्याने बीचकडे हात केला. तिकडून रस्ता नाही. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "व्हय की," आणि खिशातली मोजपट्टी काढून पुन्हा खिशात ठेवली.

कुणीतरी भामटा असणार. म्हातारी माणसं, बाईच्या अंगावर दागिने, रिकामं रिसॉर्ट. मी कॅमेऱ्यांची चौकशी केली. कॅमेरे होते, फक्त वायरिंग काढलेलं होतं. खोलीत येऊन सुमंगलाला सगळं सांगितलं, दारं नीट लावत जा म्हणालो. ती साडीची घडी घालत होती. 'कोण?' असं तिने विचारलं नाही.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

त्याच दिवशी आमच्या खोलीच्या टाईल्स काढायचा मुहूर्त निघाला. प्रज्योतने आम्हाला मधल्या ओळीतल्या कॉटेजमध्ये हलवलं. "अपग्रेड आहे, काका. पाण्याच्या जवळ." सामान न्यायला गिरजा आली. कुंभारवाड्याची, झाडलोट करणारी, बोलायला मोकळी. बॅग डोक्यावर घेऊन चालता चालता तिने माझ्या बायकोला चांगलं निरखलं.

"बाईंचा भाऊ अगदी बाईंच्यावानीच हाय," ती म्हणाली.

"तू पाहिलास?"

"पायरीवर बसलता की सकाळच्याला. ह्याच घराच्या. म्या म्हटलं, ते लोक तिकडं वरच्या खोलीत हायत. तर म्हणला, हिकडंच येणार हायत."

"वय काय असेल?"

"असंल वीस-बावीस."

माझी बायको अडुसष्ट वर्षांची आहे. सासऱ्यांबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

"पाय मातुर लई भिजल्याले," गिरजा म्हणाली. "म्या म्हटलं, सावलीत आत बसा. तर म्हणला, दाजी बोलवत न्हाईत तवर आत बसायचं न्हाई. संस्कार बरे हायत हो."

मी पायरी बघितली. मे महिन्याचं ऊन, दोन तासांत लाकूड तडकावं असं. पायरीच्या फळीवर गाळाचा पातळ थर होता आणि तो ओला होता. त्यात पावलं उमटली होती. ती उलटी असतील अशी मला थोडी आशा होती. सरळच होती. माझ्यासारखीच, जरा रुंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक पुडकं होतं. केळीच्या सोपटाने बांधलेलं. सुमंगलाने ते माझ्याआधी उचललं, टेबलावर ठेवलं, गाठ सोडली. आत हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या होत्या. नारळ-गुळाचा आणि हळदीच्या पानाचा वास खोलीभर झाला. पानं बाहेरून गार आणि ओली होती. पातोळी मधून गरम होती.

"पंचमीच्या," ती म्हणाली.

हळदीची पानं पावसाळ्यात होतात. मेमध्ये तो कंद जमिनीखाली असतो, त्याला पान नसतं. एवढं शेतीचं ज्ञान मलाही आहे. मी प्रज्योतला फोन लावला. भटारखाना बंद, काका, तुम्हीच बघितलाय. रामनगरच्या डब्यात फक्त पोळी-भाजी असते.

"खाऊ नकोस," मी म्हणालो.

"माझ्या आईच्या हातच्या हायत," ती म्हणाली, आणि खाल्ल्या. सावकाश, बोटं चाटून. एक माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. तिने ती उलट्या वाटीखाली झाकून ठेवली आणि म्हणाली, "जावईमाणसं रुसतातच."

तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लग्नानंतर वर्षभरात तिने स्वतःचं 'हाय' मोडून 'आहे' केलं होतं, 'न्हाई'चं 'नाही' केलं होतं. माझी आई हसायची म्हणून. इतकी वर्षं तिच्या तोंडून चुकूनही ते शब्द निघाले नव्हते. आता तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. आणि चालही बदलली होती. जिना चढताना कठड्याला धरणारी बाई वाळूतून मुलीसारखी झपझप पाण्याकडे जात होती, आणि मी मागून "हळू, हळू" म्हणत होतो.

"सुमा, तुला भाऊ नाही," मी पाण्याच्या कडेला तिला गाठून म्हणालो.

"व्हय, न्हाई," ती म्हणाली.

"मग हा कोण?"

तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "मला न्यायला आलाय."

दुपारपर्यंत मधल्या ओळीचीही पाळी आली. गवंड्यांनी वरच्या सगळ्या खोल्यांची दारं चौकटींसकट काढून झाडाला टेकवून ठेवली होती. प्रज्योतने आम्हाला अगदी खालच्या, वाळूतल्या कॉटेजमध्ये नेलं. बीच फ्रंट. ब्रोशरमध्ये फोटो होता तो हाच. पाणी रोज उतरत होतं, सगळेच तसं म्हणत होते. पण या कॉटेजच्या पायऱ्या ओल्या होत्या.

"आम्ही आजच निघतो," मी प्रज्योतला म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं. "रामनगरहून गाडी बोलावतो, काका. डब्याबरोबरच येईल."

मी आत येऊन तिला सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. ती "बरं" म्हणाली आणि बॅग भरायला लागली. मी खुर्चीत बसून बघत होतो. गोळ्यांचा डबा तिने टेबलावर राहू दिला. चष्म्याची पेटी राहू दिली. साड्या नीट ठेवल्या, केस विंचरून गजऱ्यासाठी आकडा खोवला, कुंकू जरा मोठं लावलं. बॅगेची चेन ओढली. बॅग एकच होती. माझा एकही कपडा तिच्यात नव्हता.

वर गवंड्यांची जेवणाची सुट्टी झाली. टाईल्सची मशीन बंद पडली, ड्रिल बंद पडलं, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं बंद पडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला. लांबून नाही. पायऱ्यांशी.

मी दाराची कडी लावली.

बाहेर फळी करकरली. एक. मग दुसरी. मग कुणीतरी दाराबाहेर बसल्यासारखा आवाज, आणि एक बारीक खोकला. आपण आलो आहोत हे कळावं म्हणून पाहुणे खोकतात तसा.

"दाजी," आवाज आला. तरुण, नम्र. "अक्काला न्यायला आलोय."

सुमंगला बॅग हातात घेऊन उभी राहिली. दाराकडे गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मला समजलं. लेक आपणहून निघत नसते. मुराळ्याला आधी सासरच्यांनी हो म्हणायचं असतं. आणि या घरात सासर म्हणजे आता मीच उरलो होतो.

आयुष्यभर मी या असल्या अधिकाराची टिंगल केली. बायकोने कुठेही जायला कुणाची परवानगी मागायची नसते, असं वर्तमानपत्रात लिहून छापून आणलं. आता मी घसा खाकरून, माझ्या आईच्या आवाजात, म्हणालो:

"यंदा पाठवता येणार नाही."



"का, दाजी?"

"घरात माणूस नाही," मी म्हणालो. हेच वाक्य गल्लीतल्या सगळ्या सासवा म्हणायच्या. "मी एकटाच आहे. माझं कोण बघणार?"

सुमंगलाने ओठ घट्ट मिटले होते. डोळे भरले होते, आणि ते रडणं होतं की हसू, ते मला अजून सांगता येत नाही.

"आठच दिसांसाठी न्हेतो," आवाज म्हणाला. "परत आणून पोचवतो की."

"नाही."

"आई वाट बघतीया."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मीही बघेन. म्हणून नाही."

पाणी पायऱ्यांना लागत राहिलं. मी दाराला पाठ लावून उभा होतो. लाकूड पाठीला गार लागत होतं, मग ओलं. सुमंगलाने बॅग पलंगावर ठेवली. चेन उघडली नाही, पण हातातून खाली ठेवली.

खूप वेळाने बाहेर तो उठला. फळी करकरली.

"ऱ्हाऊ दे तर मग," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. "पुढच्या साली पाणी उतरलं की येतो. तुमचा मान तुमच्यापाशी."

मी श्वास सोडला.

"अहो," सुमंगला हळूच म्हणाली, "मुराळ्याला असं दारातनं वाटंला लावत्यात व्हय?"

मी दाराला कान लावला. पुढची फळी करकरली नाही. तो गेला नव्हता.

"दाजी," दारापलीकडून, अगदी कडीजवळून आवाज आला. "च्या तरी पाजा. साखर जरा जास्त घाला. खाली साखर मिळत न्हाई, नुसता गूळ."