पेरनाकचे दोन, सोलिएरचे चार

नदी दोन काठांना जोडते, असं जगातल्या सगळ्या थोर विचारवंतांनी लिहून ठेवलं आहे. यावरून एवढंच सिद्ध होतं, की त्यांच्यापैकी कोणी पेरनाकला राहिलेलं नाही.

लॉत नदीच्या डाव्या काठावर पेरनाक, उजव्या काठावर सोलिएर. मधली नदी एवढीशी, की सोलिएरमध्ये कुणाचा कांदा करपला तर पेरनाकमध्ये त्याची चर्चा होते. पण शेकडो वर्षं समोरासमोर राहूनही या दोन गावांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही : माणूस भेटला की गालाला गाल किती वेळा लावायचा. पेरनाकमध्ये दोनदा लावतात, सोलिएरमध्ये चारदा. पेरनाकवाले म्हणतात, सोलिएरला कामधंदा नाही. सोलिएरवाले म्हणतात, पेरनाकचे लोक गालाच्या बाबतीतसुद्धा चिक्कू.

अपोलिन पेरनाकची. गावच्या धक्क्यावरून ती सपाट बुडाची लाकडी होडी चालवायची आणि पाहुण्यांना काठावरची जुनी गावं दाखवायची. जूनच्या एका सकाळी, नदीवर अजून धुकं लोळत असताना, धक्क्यावर एक उंच, किडकिडीत, चष्मेवाला तरुण येऊन उभा राहिला. नाव गाएताँ. जन्म सोलिएरचा, शिक्षण तुलूझचं. काठावरच्या गावांतल्या जुन्या वास्तूंपुढे पाट्या लागणार होत्या, त्यांवरचा मजकूर लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. उन्हाळाभर होडी हवी, म्हणाला.

अपोलिननं रीतीप्रमाणे गाल पुढे केला. उजवा, डावा... झालं. ती दोर सोडायला वाकली. आणि नेमका त्याच वेळी तो तिसरा गाल शोधत पुढे आला. गालाच्या जागी तिच्या गवती टोपीची कड होती. चष्मा कडेला लागला, घसरला आणि – टुप्.

दोघं पाण्याकडे बघत राहिले. त्याला तर पाणीही दिसत नव्हतं.

"तिसरा कशासाठी होता?" अपोलिननं विचारलं.

"चौथ्याच्या आधी तो येतो," गाएताँ म्हणाला.

काओरहून नवा चष्मा यायला आठवडा लागणार होता, आणि काम तर थांबवता येत नव्हतं. म्हणून मग असं ठरलं, की तिनं वल्हवायचं आणि दिसेल ते सांगायचं. त्यानं समोर बसून ऐकायचं. पडकी पाणगिरणी आली, कपडे धुवायचा दगडी घाट आला, कड्याच्या पोटात खोदलेली पायवाट आली – जिथून एके काळी माणसं खांद्यावर दोर घेऊन दारूच्या पिंपांच्या नावा ओढायची. हे सगळं अपोलिन पाहुण्यांना इतक्या वेळा सांगून चुकली होती, की तिचं तोंड बोलायचं आणि डोकं संध्याकाळच्या रश्श्याचा विचार करायचं. पण या माणसाचे प्रश्नच वेगळे. कड्याचा रंग कसा आहे, त्यानं विचारलं.

"मधासारखा."

"कुठल्या मधासारखा?"

तिनं वल्हं थांबवलं. मान वर करून कड्याकडे बघितलं... जन्मात पहिल्यांदाच, असं तिला वाटलं.

"चेस्टनटच्या फुलांचा असतो ना, तसा. जरा कडवट."

तो हसला. का कोण जाणे, त्या दिवशी तिनं घरी जायला लांबचं वळण घेतलं.

चष्मा आला तेव्हा त्यानं आधी कडा बघितला, मग गिरणी, मग घाट. मग तिच्याकडे वळला, आणि बराच वेळ वळलेलाच राहिला.

"सगळं तुम्ही सांगितलंत तसंच आहे," तो म्हणाला. "फक्त एक राहून गेलं होतं."

"काय?"

"तुम्ही."

"तुमच्या पाट्यांच्या यादीत मी नव्हते," अपोलिन म्हणाली आणि गरज नसताना जोरात वल्हं मारलं. होडी लव्हाळ्यात घुसली.

असा उन्हाळा सरकत गेला. एखाद्या गावात चर्चच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा असायच्या, आणि तो त्यांच्यापुढे उभा राहून म्हणायचा, की माणसं गंमतशीर असतात. पाणी कुठपर्यंत चढलं ते कोरून ठेवतात, पण ओसरल्यावर एकमेकांना काय म्हणाली ते कुणीच कोरत नाही. अपोलिन तोवर पुढच्या खुणेकडे निघालेली असायची. पण रोज सकाळी धक्क्यावर तिचा गाल आपोआप चारपर्यंत थांबायला लागला होता. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. धक्क्यासमोर कॅफे चालवणाऱ्या तिच्या इवेत आत्याच्या मात्र खिडकीतून बघून आलं होतं.

आत्यानं टोमणे मारून घेतले. हल्ली पेरनाकमध्ये गाल स्वस्त झालेत म्हणे, वगैरे. अपोलिननं लक्ष दिलं नाही. पण ऑगस्टमध्ये गाएताँनं पाण्याकडे बघत सांगितलं, की दूर उत्तरेला, लील शहरातल्या एका संग्रहालयात नोकरी मिळतेय, शुक्रवारी जाऊन हो म्हणायचंय. आणि अपोलिननंही पाण्याकडेच बघत "छान" म्हटलं. त्या संध्याकाळी आत्यानं टोमणा मारला नाही. कप पुसता पुसता ती आपल्या तरुणपणाचं सांगायला लागली. ती घाटावर कपडे धुवायची तेव्हा समोर सोलिएरच्या काठावर एक मुलगा रोज बापाचा घोडा पाण्यावर आणायचा. तो हिच्याकडे बघायचा, ही त्याच्याकडे. तो काहीतरी म्हणेल म्हणून ही थांबली. ही म्हणेल म्हणून तो.

"मग?" अपोलिननं विचारलं.

"मग काय, घोडा म्हातारा झाला," आत्या म्हणाली, आणि कोरडा कप पुन्हा पुसायला घेतला.

शुक्रवारी अपोलिननं त्याला होडीतून सोलिएरला सोडलं. स्टेशन त्याच काठावर होतं. वाटेत दोघंही हवेबद्दल बोलले; हवेबद्दल बोलावं असं हवेत काही नव्हतं. विलोच्या झुकलेल्या फांद्यांखाली होडी काठाला टेकली. तो पिशवी घेऊन उभा राहिला. तीही उभी राहिली. त्यानं गालाला गाल लावला. उजवा. डावा. आणि मागे सरला.

अपोलिनचा गाल हवेत तसाच राहिला.

"हा तुमचा काठ आहे," ती म्हणाली. "इथे चार असतात."

"जाताना तरी एकदा तुमच्या रीतीनं करावं म्हटलं. उन्हाळाभर मी तुम्हाला माझ्या रीतीसाठी ताटकळत ठेवलं."

"मी ताटकळत नव्हते."

तो थांबला. पेरनाकची माणसं एवढं बोलून गप्प होतात, हे त्याला ठाऊक होतं. पण अपोलिन गप्प झाली नाही.

"मी थांबत होते," ती म्हणाली. "रोज. तिसऱ्यासाठी... चौथ्यासाठी. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. लीलला जाऊन नाही म्हण, नाहीतर इथूनच म्हण. पण नाही म्हण. मी त्या दिवशी 'छान' म्हटलं, ते खोटं होतं. हा कडा मी रोज बघते, पण तू विचारलंस तेव्हाच तो मला दिसला. आता तू गेलास तर नदी इथेच असेल, कडाही असेल, आणि मी पाहुण्यांना सगळं नीट सांगेनसुद्धा... पण मला काही दिसणार नाही. आमच्याकडे एवढं बोलायची पद्धत नाही. म्हणून आता तू बोल."

गाएताँनं पिशवी खाली ठेवली. ती अर्धी होडीत, अर्धी पाण्यात पडली. त्यानं बघितलंही नाही.

"लीलला मी काल रात्रीच फोन करून नाही म्हटलंय," तो म्हणाला. "तुला सांगायला धीर होत नव्हता. स्टेशनवर जाऊन बसणार होतो... आणि गाडी गेली की चालत परत येणार होतो."

"पिशवी घेऊन?"

"पिशवी रिकामीच आहे."

यावर अपोलिनला जे करावंसं वाटलं, ते ना पेरनाकच्या रीतीत बसत होतं, ना सोलिएरच्या. तिनं ते केलं. होडी डुलली, विलोची पानं पाण्यावर सांडली, आणि मोजायचं दोघांनाही सुचलं नाही. नदी खालून तिच्या तिच्या संथ चालीनं जात होती, आणि क्षणभर खरोखरच असं वाटलं, की थोर विचारवंत अगदीच चुकीचं लिहीत नसावेत.

तेवढ्यात झाडामागच्या घडीच्या खुर्चीवरून एक घसा खाकरला गेला. तिथे सकाळपासून एक म्हातारा मासे पकडत बसला होता.

"पोरांनो, तुमचं चालू द्या," तो हळूच म्हणाला. "फक्त होडी तेवढी हातभर पुढे घ्या. माझा गळ खाली अडकलाय."