ढेप्याचं जर-तर

मेलेल्या जनावराचं पुढे काय झालं असतं, ते मिरजेला जाऊन बघून यायचं, याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. पूर्वी लोक म्हातारीचे गुडघे दाखवायला मिरज गाठायचे, आता गेलेल्या कुत्र्यामांजरांची चौकशी करायला जातात. केंद्राच्या पाटीवर ‘पर्यायजीवन गणन केंद्र’ असं भारदस्त नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगून बघा, तो तोंडाकडे बघत बसेल. त्याला नुसतं ‘जर-तर’ म्हणायचं, की आणून सोडतो. जर इंजेक्शन दिलं नसतं, तर काय झालं असतं? तिथलं यंत्र एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव.

सांगलीची पद्मजा मगदूम तिथं गेली ती भुरीसाठी. भुरी ही तिची पाळलेली सशाची मादी. तिच्या जबड्यात, दाताच्या मुळाशी गळू झालं होतं. सशाचा पू माणसासारखा पातळ नसतो, लोण्यासारखा घट्ट असतो. खरवडून काढला तरी पुन्हा भरतो. तीन आठवडे पद्मजानं भिजवलेला चारा वाटून, सिरिंजमधून तिला भरवला. शेवटी जनावरांचे डॉक्टर चौगुले म्हणाले, आता हिला झोपवलेलं बरं. पद्मजा हो म्हणाली.

इथवर सगळं रीतसर झालं. पण दवाखान्यात टेबलावर ठेवल्यावर, इंजेक्शन भरून तयार असताना, भुरीनं पद्मजाच्या हातातली कोथिंबिरीची एक काडी ओढून घेतली आणि कुरतडून खाल्ली. तीन आठवड्यांत जिनं आपणहून तोंड उघडलं नव्हतं तिनं. पद्मजानं डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, शेवटी शेवटी असं होतं. आणि त्यांनी सुई टोचली.

त्यानंतर पद्मजाला कुणाचाच भरवसा वाटेना. चौगुल्यांना त्या दिवशी इचलकरंजीला लग्नाला जायचं होतं, हे तिला मागाहून कळलं. नवरा भरतेश आधी आठवडाभर घरात वास येतो म्हणून कुरकुरत होता, आणि ‘अजून किती दिवस गं?’ असं त्यानं दोनदा विचारलं होतं. भरतेशचा स्वभाव खरं तर गाईसारखा, पण संशयाला स्वभाव दिसत नाही. सासूबाईंनी तर कहरच केला. मगदुमांचं घर जैनाचं. त्यांच्यात लंगडी गाय असो की आंधळा बैल, पांजरपोळात नेऊन सोडतात, चारापाणी घालतात आणि त्याच्या मरणानं मरू देतात. सासूबाई देवळात जायला निघता निघता एवढंच म्हणाल्या, “इतकी घाई काय होती गं?” शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणून ती मिरजेला गेली. यंत्र काय करतं, ते तिथल्या प्रमुख डॉ. गार्गी तेंडोलकर येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः समजावून सांगतात. हल्ली पाळीव जनावराच्या कानात मसुराएवढी टिकली बसवलेली असते; श्वास, ताप, आतड्याची हालचाल असं सगळं ती टिपत असते. ती टिकली आणि थेंबभर रक्त एवढ्यावर यंत्र त्या जनावराचं गणितातलं शरीर उभं करतं. त्याला ‘प्रतिदेह’ म्हणतात. प्रतिदेहाला मिशा नाहीत, शेपूट नाही, नुसते आकडे. पण खऱ्या सशाचं आतडं थांबलं की जे जे बिघडतं, ते ते या आकड्यांतही बिघडतं. मग इंजेक्शनच्या घटकेपासून पुढे त्याला यंत्रात जगू द्यायचं. एकदा नाही, हजारदा, दर वेळी कणभर फरक करून. पावसाचा अंदाज काढणारेही असंच करतात. हजारांतले बहुतेक प्रतिदेह ज्या वाटेनं जातात, ते उत्तर.

भुरीचं उत्तर आलं: जेमतेम आठवडाभर जगली असती, तेही कळा सोसत. डॉ. तेंडोलकरांनी पद्मजाच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, तुम्ही योग्य तेच केलंत. पद्मजाला रडू आलं, हलकंही वाटलं. ते हलकेपण सांगलीच्या बसमध्ये चढेपर्यंत टिकलं.

कारण बाहेरच्या खोलीत नंबर लागेपर्यंत ती दोन तास बसली होती, आणि तिनं बघितलं होतं. पोपटवाले गृहस्थ आत गेले, डोळे पुसत आणि सुटल्यासारखे बाहेर आले. कुत्रेवालं जोडपं, मांजरवाल्या बाई, सगळ्यांचं तेच. एकालाही ‘तुम्ही चुकलात’ असं उत्तर मिळालं नव्हतं. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, चार वर्षं इथं चहा देतोय, कपाळाला हात लावून गेलेला माणूस बघितला नाही.

आता पद्मजाची नोकरी कुठली, तर हळदपूड तपासायच्या प्रयोगशाळेतली. तिथला एक शिरस्ता आहे. तपासायचं यंत्र ओळीनं प्रत्येक नमुन्यात भेसळ दाखवू लागलं, तर व्यापाऱ्यांना शिव्या घालायच्या आधी यंत्रावर संशय घ्यायचा. मग कुणीतरी घरची हळकुंडं दळून आणतं, वर भलत्याचंच नाव घालतं आणि ती पूड गुपचूप रांगेत ठेवून देतं. तिलाही यंत्र भेसळ म्हणालं, तर यंत्र बंद. याला ते ‘घरचा नमुना’ म्हणतात. पद्मजानं वीस वर्षांत कितीतरी घरचे नमुने लावले होते.

आणि तिच्या घरी ढेप्या होता. भुरीचा जोडीदार, गुळाच्या ढेपेसारखा तांबूस, म्हणून ढेप्या. भुरी गेल्यावर एक दिवस तो तिच्या गोधडीपाशी बसून राहिला, मग पूर्वीसारखं खाऊ-पिऊ लागला. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, मगदुमांच्या घरात सगळ्यात ठणठणीत तोच.

भरतेशला न सांगता तिनं ढेप्याच्या कानातली टिकली काढली, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं आणि पुन्हा मिरज गाठली. दुसराही ससा तसाच आजारी पडला, त्यालाही झोपवला, म्हणून सांगितलं. रडण्याचं सोंग आणावं लागेल म्हणून ती मनाची तयारी करून गेली होती, पण बोलता बोलता खरंच रडली. केंद्रात कुणी खोलात शिरलं नाही. मी माझं जनावर मारलं, असं खोटं कोण कशाला सांगेल?

ढेप्याचं उत्तर आलं: पंधरा दिवसांच्या आत आतडं थांबून गेला असता. तुम्ही योग्य तेच केलंत.

दुसऱ्या दिवशी पद्मजा झाकणाची टोपली घेऊन डॉ. तेंडोलकरांच्या खोलीत शिरली आणि टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली.

“हा तो ससा,” ती म्हणाली. “काल ज्याच्या मरणाबद्दल तुम्ही माझं सांत्वन केलंत.”

तेंडोलकरबाई चिडतील, घाबरतील, सारवासारव करतील, यातल्या कशालाही ती तयार होती. त्यांनी झाकण उघडलं आणि ढेप्याकडे बघतच राहिल्या. हात पुढे केला, पण त्याला न शिवता मागे घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल, आणि पद्मजाला ते मुळीच आवडलं नाही.

“तुमचं यंत्र खोटं बोलतं, एवढं कबूल करा,” ती म्हणाली.

“कसं करू? मलाच ते माहीत नाही.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. गणित चोख आहे, दहा जणांनी तपासलं आहे. पण गणिताचा ताळा करायचा कुठं? इथं येतं ते जनावर मेलेलं असतं. ते जगलं असतं तर काय झालं असतं, हे पडताळायला मागे काही उरतच नाही. जिवंत, आजारी जनावरावर ताळा करायचा, तर औषध न देता त्याचं काय होतं ते बघत बसावं लागेल, आणि तशी परवानगी कोण देणार? यंत्रानं कुणाला ‘चुकलात’ म्हटलेलं नाही, यालाही कारण आहे. लोक आणतात ती आजारीच जनावरं, निरोगी ससा मारून कोण आणतं?

“मी आणला ना निरोगी,” पद्मजा म्हणाली. “त्यालाही तुम्ही मारलात.”

“हा निरोगी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

सशांचं पद्मजालाही ठाऊक होतं. रानात जो ससा दुखणं दाखवतो त्याला कोल्हा आधी गाठतो, म्हणून ही जात आतून पोखरली तरी वरून धडधाकट दिसते. भुरीचं गळूही सुपारीएवढं होईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. टिकलीला मात्र कळत असेल.

“मग हा आजारी आहे का, तेवढं सांगा.”

“चौगुल्यांकडे न्या, तपासून घ्या. कदाचित काही सापडेल, औषध देतील, बराही होईल. चांगलंच आहे. पण मग आपल्याला कधीच काही कळणार नाही. पद्मजाताई, असा ससा मला परत मिळायचा नाही. पंधरा दिवस याला काही करू नका. डॉक्टर नको, औषध नको. नुसतं बघा.”

हे त्या पद्मजाकडे बघून म्हणाल्या नाहीत, टोपलीकडे बघून म्हणाल्या. पद्मजानं झाकण लावलं. असलं पाप मी करणार नाही, उद्याच त्याला दवाखान्यात नेते, असं तिनं त्यांना तोंडावर सांगितलं आणि बाहेर पडली.

वाटेत बसमध्ये ढेप्याची टोपली मांडीवर घेऊन बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय. पंधरा दिवसांनी ढेप्या असाच हुंदडत राहिला, तर यंत्र खोटं. मग भुरीचं उत्तरही खोटं, आणि कोथिंबिरीची काडी खाणारा जीव आपण उगाच मारला. आणि ढेप्या मेला, तर यंत्र खरं, भुरीलाही आपण सोडवलं, मारलं नाही. तिच्या जिवाला शांतता मिळायची वाट एकच होती, आणि ती ढेप्यावरून जात होती.

चौगुल्यांना तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. तो खातोय की नीट, उगाच कशाला सुया टोचायच्या, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. ढेप्यावर मात्र तिची नजर होती. त्याच्या लेंड्या नेहमीएवढ्या आहेत का, गवत किती उरलंय, पाणी किती प्यायला. भरतेशला वाटलं, एक गेला म्हणून हिला दुसऱ्याची जास्तच काळजी लागलीय. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. त्याला कौतुक वाटलं. पद्मजालाही पहिले काही दिवस ती काळजीच वाटत होती. मग एका सकाळी गवत नेहमीपेक्षा जास्त उरलेलं तिला दिसलं आणि छातीत काहीतरी उसळलं. जवळ जाऊन बघितलं तर आदल्या रात्री भरतेशनंच दुप्पट गवत घातलं होतं. तिची निराशा झाली. निराशाच होती ती, दुसरं नाव देता आलं असतं तर तिनं दिलं असतं.

त्या आठवड्याच्या अखेरीला ढेप्या सकाळी पिंजऱ्याबाहेर आला नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. गवताला तोंड लावलेलं नव्हतं, लेंडी एकही नव्हती, आणि तो बारीक आवाजात दात करकरत होता. दुखत असलं की ससे असे दात वाजवतात, हे पद्मजाला भुरीनं शिकवलं होतं. कशामुळे झालं असेल? भुरीची आठवण, टोपलीतला प्रवास, कानाला झालेली जखम, की टिकलीनं आधीच हेरलेलं दुखणं, कोण सांगणार? एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, की आतडं थांबलेल्या सशाला लगेच औषध मिळालं तर तो बरेचदा वाचतो, आणि उशीर झाला तर वाचत नाही.

तिला बरं वाटलं. म्हणजे भुरीला मी मारलं नाही, हाच विचार आधी आला, आणि अंगावरून मणाचं ओझं उतरल्यासारखं झालं. ढेप्याची कीव त्यानंतर आली, आणि तीही थोडीच.

भरतेश आवाज ऐकून आला, पिंजऱ्यात डोकावला आणि त्यानं घाईघाईनं फोन काढला. “पद्मा, टोपली आण. मी चौगुल्यांना लावतो, आपण लगेच निघू.”

“थांबा जरा,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत बघू.”

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. दुपारपर्यंत हा राहील का, असं तो म्हणाला. ती पिंजऱ्याकडेच बघत होती. तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि बघतच राहिला. मग नजर न काढता अंगठ्यानं नंबर शोधू लागला.

पद्मजानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला, बंद केला आणि मांडीवर ठेवून पिंजऱ्यासमोर बसून राहिली.